पोतं क्रमांक चार

अंगठा माझा होता. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत आप्पांनी माझ्या टेबलावर सिरॅमिक कापायच्या पद्धतीवरच्या छापील पेपरची टाचलेली अकरा पानं ठेवली. गुरुवारी पुण्याहून काम द्यायला वैजयंती मॅडम येतायत, ही पद्धत शोधणारे कॉलेजचे सरही सहा प्लेटा घेऊन कापून दाखवायला येतायत, तोवर वाचून ठेवा, एवढं सांगून ते सुपारी कातरत बाहेर गेले. मी एका हातात भाकरीचा तुकडा धरून दुसऱ्या हातानं पानं उलटत होते. तिसऱ्या पानावर पांढऱ्या सिरॅमिक प्लेटच्या कापलेल्या कडेचा फोटो होता. आकाराचा अंदाज यावा म्हणून कुणीतरी प्लेट चिमटीत धरली होती, आणि त्या कुणीतरीच्या अंगठ्याच्या नखात मधोमध उभी चीर होती. मी भाकरी डब्यात ठेवली, हात पुसला आणि माझा अंगठा फोटोशेजारी नेला. आठ वर्षांची असताना वळसंगला बाबांच्या पिठाच्या गिरणीत लोखंडी झाकण त्यावर पडलं होतं. तेव्हापासून नख वाढतं, कापलं जातं, पुन्हा येतं, पण चीर जागची हलत नाही. फोटोखाली लिहिलं होतं की नमुना लेखकांनी स्वतः कापलेला आहे. पहिल्या पानावर लेखक दोन होते, एक दिग्विजय सर आणि दुसरा त्यांचा पुतण्या. मी पुन्हा तिसऱ्या पानावर आले. सरांचा अंगठा मला आठवत होता. गोरा, गुबगुबीत, खडूसुद्धा रुमालात गुंडाळून धरणारा.

शेडमध्ये पंप चालू होता. त्याची घरघर कानाला कमी आणि दाढांना जास्त ऐकू येते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आप्पांच्या या कारखान्यात मी तीन वर्षं तपासणीचं काम करते, आणि बाहेरच्या माणसाला आमचं यंत्र दाखवायचं तर माझं एक ठरलेलं वाक्य आहे: पाणी कापत नाही, पाणी फक्त वाळूला घेऊन जातं. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून पाणी आवाजाच्या दुपटीहून अधिक वेगानं सुटतं, वाटेत त्यात गार्नेटची लालसर वाळू ओढली जाते, आणि ती वाळू ग्रॅनाइट, पोलाद, रबर, काय समोर येईल ते खाऊन टाकते. सिरॅमिकची गोष्ट वेगळी आहे. ते गार्नेटपेक्षाही कठीण. मऊ वाळूनं ते खरवडलं जात नाही, फक्त वाळूचा एकेक दाणा त्यात एकेक बारीक तडा पाडतो आणि लाखो तडे मिळून काप होतो. तडे बारीक राहिले तर काप होतो, एक जरी मोठा झाला तर प्लेट फुटते. सगळी विद्या एवढीच. ही विद्या मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौदा महिन्यांत, एक्क्याऐंशी काप करून मिळवली होती. सत्तावीस प्रकार, प्रत्येक प्रकार तीनदा. माझ्या अक्षरातल्या तीन वह्या सरांच्या कपाटात राहिल्या, कारण सरांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं होतं की भुवनेश्वरी, या आकड्यांत दम नाही. सिरॅमिकचं प्रकरण काढून टाक, नुसत्या ग्रॅनाइटवर प्रबंध दे, सुटशील. मी काढून टाकलं. सुटले.

चोरीचा राग मला त्या दुपारी आलाच नाही. चोरी समजायला सोपी असते. ज्याच्याकडे नाही तो ज्याच्याकडे आहे त्याचं उचलतो. मला आठवत होता तो पेढ्यांचा पुडा. पदवी मिळाल्यावर मी तो घेऊन सरांच्या घरी गेले होते, जिना चढताना पुड्याचा दोरा बोटाला काचत होता, आणि दारात मी वाकून नमस्कार करून म्हटलं होतं, सर, तुम्ही वेळेवर सांगितलंत म्हणून वर्ष वाचलं. त्यांनी पेढ्याचा अर्धा तुकडा मोडून तोंडात टाकला होता आणि उरलेला अर्धा मला परत दिला होता, आशीर्वादासारखा. मी तो खाल्ला होता. मंगळवारी दुपारी तीन वर्षांनंतर त्या अर्ध्या पेढ्याची चव जिभेच्या मुळाशी आली, आणि मला हवं झालं की या माणसाला चार लोकांसमोर, उजेडात, सावकाश, काहीतरी व्हावं. काय ते अजून ठरलं नव्हतं. मी वर्तमानपत्राला पत्र लिहून पाहिलं, मनात. जर्नलच्या संपादकाला लिहून पाहिलं. पुरावा काय, तर वह्या त्यांच्या कपाटात आणि एक अंगठा. पुरावा म्हणून अंगठा पुढे करणारी बाई कशी दिसेल ते डोळ्यांपुढे आलं आणि मी ती पत्रं मनातच फाडली.

मग सहाव्या पानावर आले. तिथे तक्ता होता, माझाच, आकडे माझे, क्रमही माझा. फक्त वाळूच्या रकान्यात मी लिहिलेलं नव्हतं ते छापलं होतं. गार्नेट, ऐंशी मेश, नवं.

नवं.

तक्त्यातल्या कापांसाठी आम्ही नवं गार्नेट वापरलंच नव्हतं. त्या वर्षी नव्या पोत्यांच्या मागणीचा कागद सरांच्या टेबलावर सहा महिने सहीविना पडून होता. सर सही करेनात आणि माझे प्रयोग थांबेनात. प्रयोगशाळेतला निंगप्पा, अक्कलकोटच्या पलीकडचा, अर्धं कानडीत अर्धं मराठीत बोलणारा, त्यानं यंत्राखालच्या टाकीत हात घालून लाल गाळ वर काढला आणि म्हणाला, अक्का, जोंधळा एकदा दळला म्हणून पीठ टाकून देतात का? आम्ही तो गाळ घमेल्यांतून गच्चीवर नेला, चार पाण्यांनी धुतला, सोलापूरच्या एप्रिलमधल्या गच्चीवर पसरला. तीन तासांत वाळू अशी कोरडी व्हायची की पायाला चटके देत निसटायची. मग चाळायची. बाबा गिरणीत बसून पीठ चिमटीत घेतात, अंगठा आणि तर्जनीत एकदाच फिरवतात, आणि सांगतात की भरड आहे, पुन्हा टाका. मी वाळू तशीच बघायला लागले. एकदा वापरलेला दाणा मोडून जवळजवळ निम्मा होतो, पण मोडल्यामुळे त्याच्या कडा ताज्या असतात. लहान दाणा, लहान तडा. सुरुवातीला उरलेल्या नव्या भरड दाण्यानं प्लेटच्या कडेचे अर्धा मिलिमीटरचे टवके उडायचे, या जुन्या दाण्यानं कड काचेसारखी यायची. वहीत मी रोज लिहिताना काय कंटाळा केला असेल, रकान्यात नुसतं लिहीत गेले, पोतं क्रमांक चार. कारण चाळलेली वाळू आम्ही चौथ्या रिकाम्या पोत्यात भरून ठेवायचो. त्या पोत्यावर मूळच्या नव्या दाण्याचा आकार छापलेला होता, ऐंशी मेश. सर प्रयोगशाळेच्या दारापर्यंतच यायचे. गाळ उडतो, बुटांना लागतो. दारातूनच विचारायचे, काय म्हणतंय सिरॅमिक? दारातून पोत्यावरचं वाचता येत होतं. पोत्यात हात घालायचा तर आत यावं लागलं असतं.

मला झालेला आनंद इतका नेमका होता की मी तो बाजूला ठेवून तपासून पाहिला. तो छातीत नव्हता, पोटातही नव्हता. बोटांच्या टोकांत होता, वाळू चिमटीत घेतल्यासारखा. गुरुवारी सर नव्या वाळूनं प्लेट कापून दाखवणार होते. ती फुटणार होती. मला काहीच करायचं नव्हतं. न बोलणं एवढंच काम होतं, आणि ते मला त्यांनीच चौदा महिने शिकवलं होतं.

संध्याकाळी खोलीवर आल्यावर अव्वाचा, आईचा, फोन आला. तिला मी सांगितलं, का कुणास ठाऊक. पहिल्या पानापासून सांगितलं, हळू आणि पूर्ण. तिच्या मागे गिरणीचा पट्टा फटफटत होता. मग म्हणाली, बिडु गं, सोडून दे. त्याचं त्याला मिळतंय. मी विचारलं, कधी? अव्वाला हा प्रश्न आवडला नाही. देवाला तारीख विचारू नये म्हणाली, आणि जेवलीस का म्हणून विचारलं. फोन ठेवल्यावर मी वहीचं पान काढून तक्ता आखला. सर आणणार त्या प्लेटा सहा. खास भाजून घेतलेल्या, पुन्हा महिनाभर मिळणार नाहीत. पहिल्या तीन सरांच्या. त्या फुटतील. चौथी माझी. मी पुढे होईन, यंत्रावरच्या हॉपरमधली, वाळूच्या नरसाळ्यातली, नवी वाळू काढायला लावीन, माझी भरीन, आणि कापून दाखवीन. मग कुणीतरी विचारील, हे तुम्ही कसं केलंत? त्यानंतरचा रकाना मी रिकामा ठेवला. तो भरायची इतकी घाई वाटत होती की मुद्दाम ठेवला.

बुधवारी सकाळी टाकीतून चार घमेली गाळ काढला. आमच्याकडे वापरलेली वाळू भरावासाठी देऊन टाकतात, तिच्याकडे कुणी बघत नाही. शेडमागच्या सिमेंटच्या ओट्यावर मी ती पसरली. दहा वाजताच ऊन ओट्यावर उभं होतं. यंत्र चालवणारे धोंडीरामकाका तंबाखू मळत बाहेर आले. ते मंगळवेढ्याकडचे, गावाकडे काळ्या रानात ज्वारी, इथे एकोणीस वर्षं कापायच्या यंत्रावर. मी इंजिनिअर म्हणून मला मॅडम म्हणतात, आणि लेकीच्या वयाची म्हणून थट्टाही करतात.

"काय मॅडम, कुरडया घातल्या व्हय उनात?"

मी म्हटलं, वाळू आहे काका, थोडी लागणार आहे. ती तर टाकायची वाळू हाय की, ते म्हणाले, पण खाली बसून त्यांनी ती हातानं पसरायला घेतली, ज्वारी पसरतात तशी, बोटं फाकून, रेघा उमटवत. उद्याच्या सरांविषयी त्यांनी विचारलं. लई मोठं हायत का? मी म्हटलं, हो. मग आपल्याकडून चुकी व्हाया नको, ते म्हणाले, आप्पांचा जीव अडकलाय त्या पुण्याच्या कामात. ते उठून गेल्यावर त्यांच्या बोटांच्या रेघा वाळूत राहिल्या. दुपारी चाळताना त्या मोडल्या. मी चिमटीत घेऊन अंगठ्यानं फिरवून पाहिली, एकदाच. बरोबर होती. पोत्यात भरली, तोंड बांधलं, आणि माझ्या टेबलाखाली पायाजवळ ठेवलं. दिवसभर पाय त्याला लागत राहिला. मांजर बसावं तसं ते तिथे ऊबदार होतं.

गुरुवारी सर आले ते मला ओळखणार नाहीत असं मी गृहीत धरलं होतं. ओळखणार नाहीत, आणि मी ओळख देणार नाही, आणि मग शेवटी देईन. पण गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी दोन्ही हात पसरले. अरे, ही तर आमची भुवनेश्वरी! वैजयंती मॅडमकडे वळून ते म्हणाले, माझी विद्यार्थिनी, फार मेहनती, हिला मी अक्षरशः घडवलंय. वैजयंती मॅडम माझ्याकडे पाहून हसल्या. चाळिशीच्या, पायात जाड बूट, हातात त्यांची स्वतःची मोजपट्टी. त्या बूट घालून आल्या होत्या हे मला आवडलं आणि आवडल्याचा राग आला. आप्पा म्हणाले, मग तर घरचंच काम झालं की. मी नमस्कार केला. पाठ आपोआप वाकली, पेढे देताना त्यांच्या दारात वाकली होती तेवढीच. माणूस आपल्याला लुटतो आणि वर आपल्यावर मायाही करतो, आणि दोन्ही एकाच हातानं, हे मला त्यांच्या पसरलेल्या हातांकडे बघून पहिल्यांदा कळलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी मला घडवलंय. त्यांच्या हिशेबी माझा अंगठाही त्यांनीच घडवला असणार.

पहिली प्लेट छिद्र पाडतानाच गेली. पंपाचा आवाज चढला, पाण्यातून एक कोरडा टिचका आला, नखावर नख आपटावं तसा, आणि काकांनी यंत्र बंद केलं. तारा फुटावा तसे तडे मधून कडांकडे गेले होते. सर म्हणाले, होतं, पहिली बळी जाते. दुसरी छिद्रातून वाचली, पण कडेचे टवके उडाले. वैजयंती मॅडमनी भिंग लावून पाहिलं, अर्धा मिलिमीटर म्हणाल्या, आणि वहीत लिहिलं. माझ्या वहीत हाच आकडा तीन वर्षांपूर्वी होता. तिसरी सरळ दुभंगली. मी खांबाला टेकून उभी होते, हात मागे बांधून, आणि सरांच्या कॉलरकडे बघत होते. पांढऱ्या कॉलरच्या आतली बाजू ओली व्हायला लागली होती. तो ओलावा एक सेंटिमीटर वर चढला. तो आणखी चढावा असं मला इतक्या तीव्रतेनं वाटलं की माझ्या तक्त्यात आता माझी पाळी आहे हे मला दिसत असून मी जागची हलले नाही. आणखी एक, मी स्वतःला म्हटलं. आणखी एकच.

तेव्हा सर काकांकडे वळले. आवाज चढवला नाही. पद्धत सिद्ध झालेली आहे, ते आप्पांना म्हणाले, छापून आलेली आहे, पण चालवणाऱ्याचा हात तयार लागतो. किती शिकलेत हे? आप्पांनी काकांकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत आप्पांनी काकांकडे तसं पाहिल्याचं मी बघितलं नव्हतं. काकांनी टोपी काढून पुन्हा घातली. माझ्या तक्त्यात धोंडीरामकाकांचा रकाना नव्हता. सहा प्लेटा, तीन प्रयत्न, एक सर, एक मी. तक्ता चुकला की माणूस तो दुरुस्त करतो, मला हे येतं, मला याचाच पगार मिळतो. तरी मी खांबालाच टेकून राहिले. चौथी प्लेट यंत्रावर चढली. चौथीही तडकली, आणि काकांनी घाईनं, आपला हात तयार आहे हे दाखवायच्या घाईनं, पाणी पूर्ण थांबायच्या आत ती उचलली. तिचे दोन तुकडे हातातच सरकले. सिरॅमिकची ताजी कड ब्लेडपेक्षा वाईट असते, तिला धार असते हे लागल्यावरही पटत नाही. काकांनी बोटांकडे पाहिलं. मग लाल थेंब टाकीतल्या लाल गाळात पडले आणि दिसेनासे झाले.

मी टेबलाखालून पोतं ओढून आणलं. कुणाला विचारलं नाही. काकांच्या दोन बोटांना स्वच्छ फडकं गुंडाळलं. त्यांनी दुसऱ्या हातानं हॉपर रिकामा करायला मदत केली, माझी वाळू आम्ही दोघांनी मिळून भरली. भरताना त्यांनी ती चिमटीत घेऊन पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. दाब कमी ठेवला, पाण्याआधी वाळू सुटेल असं केलं, वेग निम्म्यावर आणला. हे सगळं सरांच्या पानांत बरोबर छापलं होतं, माझ्याच वहीतून. छिद्र पडलं. टिचका आला नाही. मग पाण्याचा फवारा पांढऱ्यात शिरून हळूहळू वळला. अकरा मिनिटं मी माझ्या मागे उभ्या असलेल्या सरांचा श्वास ऐकत होते. वर्तुळ पूर्ण झालं, चकती खाली बसली. वैजयंती मॅडमनी ती धुतली, पुसली, भिंगाखाली कड फिरवली. एकही टवका नाही, त्या म्हणाल्या. पुन्हा एकदा फिरवली.

सर माझ्या अगदी जवळ आले. त्यांच्या कपड्यांना तोच साबणाचा वास होता, प्रयोगशाळेच्या दारातून यायचा तो. ओठ न हलवल्यासारखे ते म्हणाले, "कुठली वाळू घातलीस?"

"तुमच्या पेपरात लिहिलीय तीच, सर."

रिकामा ठेवलेला रकाना असा भरला. हे वाक्य मी ठरवलं नव्हतं, पण ते आल्यावर कळलं की याहून चांगलं ठरवता आलं नसतं. कारण आता ते काही विचारू शकत नव्हते. वेगळी आहे म्हणाले तर त्यांना स्वतःचीच वाळू ठाऊक नव्हती. तीच आहे म्हणाले तर चार प्लेटा का वाया गेल्या? ते माझ्याकडे पाहत राहिले, आणि मला दिसलं की त्यांना आता, या क्षणी, पहिल्यांदाच, ते पोतं आठवतंय. दारातून दिसणारं. माझ्या बोटांच्या टोकांत तो आनंद परत आला. मग सर वळले आणि वैजयंती मॅडमना मोकळ्या आवाजात म्हणाले, पाहिलंत? पद्धत बरोबरच आहे, म्हटलं नव्हतं मी? आपली मुलगी आहे, हात तयार आहे. वैजयंती मॅडमनी मान हलवली. आप्पा हसले. आणि मी तिथे उभी राहून पाहिलं की माझ्याच कापानं त्यांचा पेपर खरा ठरला.

वैजयंती मॅडमना पद्धतीचा कागद लेखी हवा होता. हे काम इथे होईलच, त्या म्हणाल्या, पण पुण्यात आणखी दोन ठिकाणी हाच कागद जाईल, तिथले लोक यावरून कापतील. आप्पांनी माझ्या टेबलावरचा छापील नमुना काढला. सर खुर्चीत बसले, पेन काढलं, रकाने भरत गेले. दाब. वेग. छिद्राची पद्धत. वाळूच्या रकान्यापाशी पेन थांबलं. सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती, विनंती होती, आणि ती मी तीन दिवस वाट पाहून मिळवलेली पहिली वस्तू होती. मी डोळे खाली केले नाहीत, वरही केले नाहीत. लिहा, मनात म्हटलं. त्यांनी लिहिलं, गार्नेट, ऐंशी मेश, नवं. खाली ऐटदार सही केली, तारीख घातली. आता पुण्यात जी प्लेट फुटेल ती त्यांच्या सहीखाली फुटेल, नंतरची एकेक, आणि दर वेळी कुणीतरी त्यांना फोन करील, आणि दर वेळी त्यांना माझा नंबर आठवेल. मला यापेक्षा जास्त काही नको होतं. कागद फिरून माझ्यापुढे आला, कारण तपासलं या शब्दापुढे माझी सही लागते.

काका माझ्या खांद्यामागे उभे होते, फडक्यातला हात छातीशी धरून. फडकं भिजलं होतं. मराठी त्यांना वाचता येतं. हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "हॉपरात म्या काय भरलंय ते मला ठावं हाय, मॅडम. तितं बी कुणीतरी माझ्यासारखाच प्लेट उचलणार की."

मला चांगुलपणाचा झटका आला असं नाही. मी पेन उचललं तेव्हाही मला सरांच्या कॉलरचा ओलावा दिसत होता, आणि तो आणखी चढायला हवा होता. त्यातलं किती काकांच्या बोटांसाठी होतं आणि किती माझ्यासाठी, हे वेगळं काढायची पद्धत माझ्याकडे नाही. वाळू आता माझी राहणार नाही, सगळ्यांची होईल, हे मला कळत होतं. माझ्याकडे त्यांच्याविरुद्ध असलेली ती एकच गोष्ट होती. आमच्या कारखान्यात कागदावरची चूक कुणी मिटवत नाही. पांढरी शाई लावत नाही, खाडाखोड करत नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, वर बरोबर ते, आणि ज्यानं आधी लिहिलं त्याची त्या रेघेशेजारी छोटी सही. हा नियम मीच आणला, काकांनाही यातून कधी सोडलं नाही. मी नवं या शब्दावर पट्टी धरून रेघ ओढली. वर लिहिलं, एकदा वापरलेलं, धुतलेलं, उन्हात वाळवलेलं, चाळलेलं. तपासलं पुढे माझं पूर्ण नाव लिहिलं. मग कागद सरांच्या दिशेनं फिरवला.

"सर, इथं तुमची छोटी सही लागते."

वैजयंती मॅडम वाकून वाचत होत्या. आधी खालचं, मग वरचं, मग पुन्हा खालचं. वापरलेलं? त्यांनी विचारलं, माझ्याकडे नाही, सरांकडे बघून. म्हणजे तुमचे सगळे प्रयोग वापरलेल्या वाळूवरचे होते? पेपरात तसं नाही. आप्पांच्या अडकित्त्याचा आवाज थांबला. सरांनी कागदाकडे पाहिलं, छातीचा खिसा चाचपला, आणि म्हणाले की चष्मा गाडीत राहिला वाटतं. सही नंतर करतो.

वरची सही त्यांनी चष्म्याशिवायच केली होती. वैजयंती मॅडमनी तिच्यावर बोट ठेवलं आणि बोट तिथेच राहू दिलं.

"म्या आणतो की सर," धोंडीरामकाका म्हणाले, आणि चांगला हात पुढे केला. "किल्ली द्या."

सरांनी किल्ली लगेच दिली नाही. आधी डाव्या खिशात शोधली, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. काकांचा हात पुढेच होता. शेडमध्ये पंप बंद असल्यामुळे प्रत्येक खिशाचा आवाज वेगळा ऐकू येत होता. मी पेनचं टोपण काढून पेन कागदावर आडवं ठेवलं. आप्पांनी सरांसाठी पाणी मागवलं. कुणालाच घाई नव्हती.